गुडघा थकलाय आणि कोचिंगची विचारणा आलीय: आता काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे 31 वर्षांचे व्हॉलीबॉलपटू आहेत, आउटसाइड हिटर (नेटच्या डाव्या टोकाकडून स्मॅश मारणारे), गेली 13 वर्षं वरच्या गटात खेळताहेत. उजव्या गुडघ्याला दोन हंगामांपासून जंपर्स नी, म्हणजे उड्यांमुळे वाटीखालच्या कंडरेला जडलेलं दुखणं. त्यांच्याच क्लबनं 14 वर्षांखालच्या मुलींचा गट सांभाळाल का म्हणून विचारलंय. खेळत असतानाच शिकवता येईल का, खेळणं नेमकं कधी थांबवावं, आणि ‘मला खेळता येतं म्हणजे शिकवता येईलच ना?’ असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

आधी उत्तर देते, कारणं मागून. गट घ्या. या हंगामात खेळणंही चालू ठेवा, पण स्वतःच्या संघाचं कोचिंग अंगावर घेऊ नका. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. खेळता येतं म्हणून शिकवता येत नाही. मी 15 वर्षं मिडल ब्लॉकर म्हणून, म्हणजे नेटपाशी मधोमध उभी राहून समोरचे स्मॅश अडवत खेळले आणि 19 वर्षं शिकवतेय. यातली शिकवण्याची पहिली तीन वर्षं मी खेळाडूच्याच डोक्यानं शिकवत होते आणि माझ्या हाताखालच्या मुलींचं त्यात नुकसान झालं, हे मला आज स्पष्ट दिसतं. तुमची तीन वर्षं वाचावीत म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

खेळाडूला जे कळतं ते हातापायांना कळतं. बॉल आला, पाय निघाले, हात गेला. मध्ये विचाराला जागाच नसते आणि असूही नये. कोचला तेच डोळ्यांनी कळावं लागतं, आणि मग दुसऱ्याच्या अंगात उतरेल अशा शब्दांत सांगता यावं लागतं. हातातलं डोळ्यांत आणणं हे काम आपोआप होत नाही. उलट चांगल्या खेळाडूला ते जास्त जड जातं, कारण बऱ्याच गोष्टी त्याला कधी शिकाव्याच लागलेल्या नसतात. त्या येतच असतात.

माझ्या बाबतीत याची सुरुवात एका नियमामुळे झाली. 1998 मध्ये एफआयव्हीबीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघानं, लिबेरो आणला. वेगळ्या रंगाची जर्सी घालून फक्त मागच्या रांगेत रिसेप्शन (समोरची सर्व्हिस घेणं) आणि डिग (स्मॅश उचलणं) करणारा, नेहमीच्या बदलांच्या मोजणीत न धरला जाणारा खेळाडू. बहुतेक संघांनी त्याला मिडलच्या जागी घातलं, कारण उंच मिडल मागच्या रांगेत सहसा अडचणच असतो. माझंही तेच झालं. खेळाडू फिरत फिरत सहाही जागांवर जातात; मी मात्र पुढच्या तीन जागा खेळायच्या, मागे गेल्यावर आपली सर्व्हिस करायची, सर्व्हिस गेली की बाहेर. तोवर मी सहाही जागा खेळत होते. पहिले दोन महिने मला तो अपमान वाटला. बाहेर आले की आमच्या कोच सरांच्या शेजारी बेंचवर बसायचे, घाम पुसायचे आणि परत आत जायची वाट बघायचे.

एकदा सरांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, “कुठे बघतेस?”

“बॉलकडे.”

“बॉलकडे सगळेच बघताहेत. तू त्यांच्या सेटरच्या कमरेकडे बघ.”

सेटर म्हणजे हिटरला स्मॅशसाठी बॉल उचलून, म्हणजे सेट, देणारी. मी बघत बसले. सात-आठ रॅली नुसती कंबर. पहिल्या तीन-चार रॅलींत काहीच दिसलं नाही, डोळे सारखे बॉलमागे पळायचे, त्यांना ओढून परत आणायला लागायचं. मग दिसायला लागलं. पुढे सेट द्यायचा असला की ती बॉल कपाळासमोर घ्यायची. मागे द्यायचा असला की पाठ वाकायच्या कितीतरी आधी तिची कंबर बॉलच्या खाली सरकायची, जेमतेम वीतभर. पुढच्या वेळी बॉल तिच्या हातात जायच्या आधीच माझ्या तोंडून “मागे!” निघून गेलं आणि सेट मागेच गेला. सर काही बोलले नाहीत. मी मात्र हादरले होते. त्या सेटरसमोर नेटपाशी उभं राहून मी तीन हंगाम ब्लॉक केले होते, त्यांतले कितीतरी यशस्वीही झाले होते. म्हणजे माझ्या हातांना ते माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

तुम्ही अजून खेळताय तोवर हे काम सुरू करा. दर आठवड्याला दुसऱ्या कुणाचा तरी एक सामना बघा, वही घेऊन. पहिल्या सेटमध्ये सर्व्हिस होण्याआधी रिसेप्शनच्या रांगेतल्यांचे पाय कुठे आहेत एवढंच बघायचं. दुसऱ्या सेटमध्ये हिटर स्मॅश मारत असताना त्याच्या मागे कव्हरला (ब्लॉकला लागून परत येणारा बॉल उचलायला) कोण आलं आणि कोण उभंच राहिलं. तिसऱ्यात सेटर. बॉल बघायचा नाही. सुरुवातीला डोकं दुखेल आणि सामन्याचा निकाल काय लागला तेही सांगता येणार नाही. दीड-दोन महिन्यांनी नजर सैल होते, आणि बॉल एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूचं दिसू लागतं. 18 मीटर लांब, 9 मीटर रुंद मैदानात एका क्षणी 12 जण असतात आणि त्यांतल्या एकाच्याच हातात बॉल असतो. कोचचं काम उरलेल्या 11 जणांत असतं.

दुसरं काम जरा लाजवणारं आहे. तुम्ही स्मॅश कसा मारता ते एका कागदावर लिहून काढा. पावलं किती, शेवटची दोन पावलं कशी पडतात, हात मागे कधी जातात, कोपर कुठे असतं, मनगट काय करतं. सगळं लिहून झालं की कुणाला तरी फोनवर स्लो मोशनमध्ये तुमचे दहा स्मॅश टिपायला सांगा आणि कागद समोर ठेवून बघा. मी हे केलं तेव्हा कागदावरच्या निम्म्या गोष्टी चुकीच्या निघाल्या. मुलींना मी वर्षभर सांगत होते, “मनगट जोरात झटका.” हाताचा आणि बॉलचा संबंध येतो तो सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. तेवढ्यात मनगटानं मुद्दाम काही करायला वेळच नसतो. माझ्या चित्रणात मनगट वाकत होतं ते बॉल निघून गेल्यावर. बॉलला खाली आणणारी फिरकी मिळत होती ती हात बॉलच्या कुठल्या अंगाला लागतोय आणि कुठल्या दिशेनं जातोय यावरून. मनगट सगळ्यात शेवटी हलायचं, म्हणून मला फक्त तेच जाणवायचं. मी खोटं बोलत नव्हते, पण जे जाणवतं ते सांगत होते. जे घडतं ते मला ठाऊक नव्हतं.

सांगण्याच्या शब्दांबद्दलही एक गोष्ट. शरीराच्या भागाकडे लक्ष वेधण्यापेक्षा बॉलकडे किंवा निशाण्याकडे वेधलं तर हालचाल लवकर बसते, असं हालचाली शिकण्यावरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. “कोपर वर ठेव” म्हटलं की मुलगी कोपराचा विचार करते आणि सगळा हात लाकडासारखा होतो. “बॉलच्या वरच्या अंगाला हात लागू दे, मागच्या भिंतीवरून फिरत येताना दिसला पाहिजे” म्हटलं की कोपर आपसूक वर येतं. एका मुलीला एका वेळी एकच सूचना. दुसरी तोंडात आली तरी गिळायची.

गिळण्यावरून आठवलं. माझ्या पहिल्या वर्षी एक ज्येष्ठ प्रशिक्षिका सराव बघायला आल्या होत्या. मी फार खूश होते, कारण त्या दिवशी मी मन लावून शिकवत होते. प्रत्येक गोष्ट करून दाखवत होते, आणि माझा स्मॅश अजून चांगला लागत होता. सत्र संपल्यावर त्यांनी हातातला कागद दाखवला. दीड तासात मी 64 बॉल मारले होते. मुलींच्या वाट्याला सरासरी 11 आले होते. बाकीचा वेळ त्या रांगेत उभ्या होत्या किंवा माझ्याकडे बघत होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, “सराव तुझा छान झाला.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी जे मोजलं ते सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्या हातून हेच होणार आहे, कारण तुम्ही अजून खेळताय आणि करून दाखवणं तुम्हाला सोपं आहे. दोनदा दाखवा, वेगवेगळ्या बाजूंनी दिसेल असं, आणि मग बाजूला व्हा. तुमच्या सत्रात प्रत्येक मुलीला किती बॉल मिळाले ते महिन्यातून एकदा कुणाला तरी मोजायला सांगा. रांगा मोडा. 12 मुली असतील तर एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा असं लगेच खेळवायची घाई नको. दोनास दोन, तीनास तीन, लहान मैदान, अरुंद पट्टा. बॉलला हात लागण्याची संख्या कुठल्या कुठे जाते.

आणि बॉल नेटवरून येऊ द्या. कोचनं तीन मीटरवरून दोन्ही हातांनी अलगद टाकलेला बॉल आणि समोरून आलेली सर्व्हिस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सर्व्हिस घेणं म्हणजे नुसते हात जुळवणं नव्हे. समोरच्याचा टॉस, खांदा, हाताचा वेग बघून बॉल कुठे पडेल ते ओळखणं हाच त्यातला मोठा भाग आहे, आणि हातानं टाकलेल्या बॉलमध्ये नेमका तोच भाग कापला जातो. एकच गोष्ट सलग 50 वेळा केली की सराव देखणा दिसतो, पालक खूश होतात, सामन्यात मात्र त्यातलं थोडंच उरतं. सर्व्हिस, रिसेप्शन, सेट, स्मॅश अशी सरमिसळ केली की सराव विस्कळीत दिसतो, चुका ढिगानं होतात, पण शिकलेलं टिकतं. हे संशोधनातही आहे आणि मी माझ्या दोन गटांवर डोळ्यांनी बघितलंय. नवीन कोचला देखण्या सरावाचा मोह आवरत नाही. तुम्हाला आवरावा लागेल.

आता ‘चांगला खेळाडू चांगला कोच होतोच का’ याबद्दल मोठ्या नावांकडे बघू. लोक लगेच अमेरिकेच्या कार्च किराली यांचं नाव घेतात. ऑलिंपिकमध्ये 1984 आणि 1988 ची इनडोअर सुवर्णपदकं, 1996 मध्ये वयाच्या 35 व्या वर्षी बीच व्हॉलीबॉलचं सुवर्ण, आणि मग कोच म्हणून अमेरिकेच्या महिला संघाला टोकियोत सुवर्ण. पण मधला टप्पा लोक विसरतात. मुख्य कोच होण्याआधी ते त्याच महिला संघात ह्यू मॅककचन यांच्या हाताखाली सहायक होते. तीन ऑलिंपिक सुवर्णं घरात असलेला माणूस दुसऱ्याच्या हाताखाली बसून शिकला. आणि खेळाडू म्हणून त्यांची जडणघडण कुठे झाली तेही बघा. 1984 च्या संघात कोच डग बील यांनी रिसेप्शनचा जवळजवळ सगळा भार किराली आणि आल्डिस बर्झिन्स या दोघांवर टाकला होता. दोघांनी मिळून अख्खं मैदान झाकायचं म्हणजे समोरच्या सर्व्हरला वाचता आलंच पाहिजे. तुम्हीही आउटसाइड हिटर आहात, तुमच्याही वाट्याला रिसेप्शन आहे. तुमचा गुडघा गेला तरी हे भांडवल जात नाही. शिकवायला सुरुवात करायची तर स्मॅशपेक्षा इथून करा.

लांग पिंग यांचं उदाहरण मला त्याहूनही जवळचं वाटतं. 1984 मध्ये चीनकडून खेळून सुवर्ण, 2016 मध्ये चीनच्याच कोच म्हणून रिओत सुवर्ण; व्हॉलीबॉलमध्ये खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली व्यक्ती. पण या दोन पदकांच्या मध्ये 32 वर्षं आहेत. त्या वर्षांत त्या परदेशात जाऊन विद्यापीठात शिकल्या, वेगवेगळ्या देशांत संघ सांभाळले, 1996 मध्ये चीनला रौप्य मिळवून दिलं आणि 2008 मध्ये चक्क अमेरिकेच्या कोच म्हणून बीजिंगमध्ये रौप्य मिळवलं. त्यांच्या स्मॅशमुळे त्यांना ‘लोखंडी हातोडा’ म्हणायचे. हातोडा असणं त्यांना पुरलं नाही, आणि त्यांनी ते पुरेल असं मानलंही नाही.

सेटर चांगले कोच होतात असं म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. ब्राझीलचे बर्नार्दिन्यो, त्यांच्याच देशाचे झोझे रॉबेर्तो गिमाराइस, सर्बियाचे निकोला ग्रबिच, डग बील, सगळे सेटर. सेटरला खेळतानाच पाच जणांचं बघावं लागतं, म्हणून त्यांचं डोळ्यांचं काम आधीच अर्धं झालेलं असतं. त्यातही एक बारकावा आहे. बर्नार्दिन्यो 1984 च्या रौप्यविजेत्या संघात होते, पण राखीव सेटर म्हणून. त्यांचा बराच वेळ बेंचवर गेला. माझ्या स्वतःच्या अनुभवामुळे मला हे महत्त्वाचं वाटतं. आणि हूलिओ वेलास्को यांना तर खेळाडू म्हणून जगात कुणी ओळखत नव्हतं. त्यांनी इटलीच्या पुरुषांना 1990 आणि 1994 मध्ये विश्वविजेते केलं आणि 2024 मध्ये पॅरिसला इटलीच्या महिलांना त्यांचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. तेव्हा खेळातल्या यशाचा कोचिंगशी संबंध आहे, पण सरळ नाही. तुमच्या नावामुळे पहिल्या दिवशी मुली तुमचं ऐकतील. तिसऱ्या आठवड्यापासून नावाचा उपयोग संपतो.

खेळाडूची सहजबुद्धी जुनी कशी होते याचा एक दाखला. मी सुरुवातीला ज्या नियमांत खेळले त्यांत सर्व्हिस असलेल्या संघालाच पॉइंट मिळायचा. सर्व्हिस चुकली तर नुसती सर्व्हिस जायची. मग प्रत्येक रॅलीला पॉइंट आला, सेट 25 चा आणि पाचवा 15 चा झाला, आणि चुकलेली सर्व्हिस म्हणजे समोरच्याला थेट पॉइंट असं गणित झालं. मी त्या बदलातून खेळले, तरी कोच झाल्यावर कितीतरी दिवस माझ्या पोटातलं मोजमाप जुनंच होतं. मुलीनं जोखमीची सर्व्हिस केली की मला काही वाटायचं नाही, पुढच्या क्षणी फलक बघून दचकायचे. तुमच्याही पोटात अशी काही मोजमापं असतील. 31 वर्षांच्या पुरुष हिटरचा खेळ 2.43 मीटरच्या नेटवर घडलाय. मोठ्या स्त्रियांचं नेट 2.24 चं, तुमच्या मुलींचं त्याहूनही खाली असेल. त्यांच्या गटात रॅली लांब चालतात, बहुतेक पॉइंट चुकांवर जातात, आणि पहिला पास (सर्व्हिस घेऊन सेटरकडे दिलेला बॉल) नीट गेला तर निम्मं काम होतं. तुमच्या गटातलं शहाणपण तिकडे जसंच्या तसं चालणार नाही.

आता गुडघा. जंपर्स नी हा या खेळाचा जुना सोबती आहे. वरच्या दर्जाच्या पुरुष खेळाडूंमध्ये केलेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात जवळजवळ 45 टक्क्यांना तो त्रास आढळला होता. नुसत्या विश्रांतीनं तो जात नाही, हे बहुतेकांना दोन हंगाम वाया गेल्यावर कळतं. वाटीखालच्या कंडरेला हळूहळू वाढता भार देऊनच ती पुन्हा तयार होते: जड वजनाचे संथ स्क्वॉट, उतरत्या फळीवरचे व्यायाम, महिनोन्‌महिने, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. आणि उड्या मोजा. सरावात किती उड्या मारल्या हे तुम्हाला आज माहीत नसेल; आठवडाभर मोजून बघा, तुम्हीच चकित व्हाल. इथे एक सावधगिरी. शिकवायला लागल्यावर तुमच्या उड्या कमी होणार नाहीत, वाढतील, जर तुम्ही मुलींसमोर स्मॅश मारत बसलात तर. एक हंगाम दोन्ही करायचं असेल तर मुलींच्या सत्रात उडी शून्य, असा नियम स्वतःला घाला. यामुळे करून दाखवण्याचा मोहही आपोआप आवरला जाईल.

थांबावं कधी? वेदना हा एकमेव निकष धरू नका, वेदनेशी आपण सगळे फार लवकर जमवून घेतो. मी दोन गोष्टी बघायला सांगते. सामन्यानंतर पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात आणि ते दर हंगामाला वाढताहेत का. आणि सराव टाळायला मन कारणं शोधतंय का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर तारीख ठरवा आणि सांगून टाका. न ठरवता लांबणारा शेवट वाईट असतो. आमच्या वेळच्या एका उत्तम ऑपोझिटचा, म्हणजे उजव्या बाजूच्या हिटरचा, शेवट मी पाहिला. दोन हंगाम ती ‘बघू’ म्हणत राहिली आणि शेवटचा सामना कुठला हे तिला स्वतःलाही कळलं नाही. निरोप राहून गेला. त्याची खंत तिनं मला परवा-परवाच बोलून दाखवली.

हाताखालच्या मुलींच्या गुडघ्यांकडे तर दुप्पट लक्ष द्या. 12-13 व्या वर्षी उंची झपाट्यानं वाढत असताना गुडघ्याखालच्या हाडाच्या टेंगळावर दुखणं अगदी नेहमीचं आहे, डॉक्टर त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. ‘आम्हीही असंच खेळलो’ हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारू नका. दुखतंय म्हटलं की त्या दिवशी उड्या बंद, पास आणि सेट चालू. आणि कृपा करून 13 वर्षांच्या उंच मुलीला ‘तू मिडल’ असा शिक्का मारू नका. सध्या उंच असलेली मुलगी पुढेही सगळ्यांत उंच राहील याची खात्री नसते. तोवर तिला पास येत नसेल तर तिला कुठलीच जागा उरत नाही. अशा एका मुलीला मी स्वतः मिडल ठरवलं होतं. 16 व्या वर्षी बाकीच्या तिच्या उंचीला आल्या, तिला रिसेप्शन येत नव्हतं, तिनं खेळ सोडला. ती चूक माझी होती. त्यानंतर 15 वर्षांखालच्या माझ्या कुठल्याही गटात सगळ्या जणी सगळ्या जागा खेळतात, सेटसुद्धा सगळ्या देतात. त्या पायी सामने हरलोय. ते चालतं.

टाइमआउटबद्दल थोडंसं. 30 सेकंद असतात, सेटमध्ये दोनदा. त्यातले पहिले दहा त्यांना पाणी प्यायला आणि श्वास घ्यायला द्या. मग एकच गोष्ट सांगा, शक्यतो सर्व्हिस कुणाला करायची किंवा ब्लॉक कुणासमोर लावायचा अशी करता येण्याजोगी. “जोर लावा, लक्ष द्या” यानं काही होत नाही. त्या जोर लावतच असतात. खेळाडू म्हणून तुम्ही टाइमआउटमध्ये किती ऐकायचात ते प्रामाणिकपणे आठवा.

स्वतःच्या संघाचं कोचिंग घेऊ नका म्हटलं, त्याचं कारण तुमच्या मैत्रीत आहे. ज्याच्याबरोबर दहा वर्षं कपडे बदलायच्या खोलीत बसलात त्याला 22-19 ला बाहेर काढायचं आणि पुढच्या सर्व्हिसला स्वतः आत उभं राहायचं, हे दोघांनाही झेपत नाही. मुलींच्या गटात तो पेच नाही. उलट खेळणारा कोच म्हणून एक फायदा आहे. सकाळी तुमच्या कोचनं तुम्हाला जे बोललं ते कसं लागलं, हे संध्याकाळी मुलींशी बोलताना ताजं असतं. हा फायदा खेळणं थांबल्यावर हळूहळू विरत जातो, म्हणून या एका हंगामाची टिपणं ठेवा. कोच काय बोलले, तुम्हाला काय ऐकू आलं, कशानं मदत झाली, कशानं पाय आणखी जड झाले. माझी तेव्हाची वही मी अजून उघडते.

क्लबशी सगळं लेखी ठरवा: आठवड्याचे तास, मानधन, सामन्यांचे दिवस, तुमचा स्वतःचा सामना त्याच दिवशी आला तर कोण बघणार, आणि प्रशिक्षक अभ्यासक्रमाचा खर्च कुणाचा. मला सुरुवातीला एका संस्थेनं तोंडी कबूल करून वर्षभर तासांचा हिशेबच ठेवला नव्हता. खेळाडूला वाटतं, आपलेच लोक आहेत, कागद कशाला. आपल्याच लोकांशी कटुता येऊ नये म्हणून कागद. अभ्यासक्रम मात्र कराच. एफआयव्हीबीचे तीन स्तरांचे अभ्यासक्रम आहेत, राष्ट्रीय संघटनांचेही असतात. तिथे शिकवलेलं निम्मं तुम्हाला येत असेल, पण तुम्हाला येणाऱ्या गोष्टींची नावं आणि क्रम तिथे मिळतात, आणि शिकवायला तेच लागतं. जमलं तर पहिलं वर्ष एखाद्या अनुभवी कोचचे सहायक म्हणून काढा. आकडे लिहायचं काम मागून घ्या. प्रत्येक रिसेप्शनला 0 ते 3 गुण द्यायचे: 3 म्हणजे सेटरला सगळे पर्याय खुले, 0 म्हणजे पॉइंट गेला. हे कंटाळवाणं काम तुमची नजर जितकी लवकर घडवेल तितकं दुसरं काहीच नाही.

त्या तीन प्रश्नांखेरीज शेवटी तुम्ही एका ओळीत विचारलंय, थांबायची वेळ आलीय हे मला स्वतःला कधी कळलं. शेवटच्या हंगामातला एक सामना होता, चौथा सेट, 17-17. लिबेरो बाहेर यायला निघाली, म्हणजे माझी पुढच्या रांगेची पाळी आली होती, आणि मी बेंचवर बसूनच होते. समोरची डावीकडची हिटर कधी तीन पावलं घेत होती, कधी चार. चार घेतली की ती सरळ लाइनवर मारत होती. मी ते मोजत होते. सरांनी खांद्याला हात लावला, “अगं, जा ना आत.” मी धावत गेले. चांगली खेळले, दोन ब्लॉक आले, सेट जिंकलो. रात्री झोपताना सामना आठवायला लागले तर ते दोन ब्लॉक काही केल्या डोळ्यांसमोर येईनात. त्या मुलीची चार पावलं मात्र एकेक करून दिसत होती.